पुरातून वाचलेला प्लेस्टेशन २ : स्वतःच्या डिस्कच्या प्रती काढून चालवण्याची रीत

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले, तेव्हा आमचा प्लेस्टेशन २, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र, माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेला होता आणि त्याच्या डिस्कांचा डबा मात्र खाली दिवाणाच्या कप्प्यात राहिला होता. पाणी ओसरल्यावर डबा उघडला, तेव्हा चौदा डिस्कांच्या कव्हरांतील कागदांचा लगदा झाला होता आणि प्रत्येक डिस्कवर गाळाचा पातळ, तपकिरी थर वाळून बसला होता. यंत्र धडधाकट आणि खेळ गाळात, अशा अवस्थेत मी या कामाला हात घातला. तेव्हापासून घरच्या आणि मित्रमंडळींच्या यंत्रांवर हे काम बऱ्याच वेळा करून झाल्यावर त्याचा जो क्रम माझ्या मनात पक्का झाला आहे, तोच येथे देत आहे. आधी मेमरी कार्डावरचे सेव्ह, म्हणजे खेळ कोठवर आला याच्या साठवलेल्या नोंदी, मग डिस्क आणि सर्वांत शेवटी बसल्या जागी खेळ निवडण्याची सोय, असा तो क्रम आहे. बहुतेक जण सोयीपासून सुरुवात करतात आणि त्या नादात जुन्या कार्डावरचे सेव्ह गमावून बसतात. डिस्क जुन्या बाजारात पुन्हा मिळू शकते. पण दहावीच्या सुट्टीत भावाबरोबर जागून पूर्ण केलेल्या खेळाचा सेव्ह दुसरीकडे कोठेही नसतो.

कायद्याबद्दल दोन वाक्ये आधीच सांगितलेली बरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती हरवण्यापासून किंवा खराब होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा देते, आणि २०१२ मध्ये आलेले कलम ६५-ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षणाची कुलपे तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि दंडाची तरतूद करते. म्हणून या लेखातील सगळी रीत आपल्या मालकीच्या आणि आपल्याजवळ असलेल्या डिस्कपुरतीच आहे. खेळांनी भरलेल्या हार्ड डिस्क विकणारे जो धंदा करतात, त्याच्याशी तिचा संबंध नाही.

आधी आपले यंत्र ओळखा

प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला आणि २०१३ च्या सुरुवातीपर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. एवढ्या काळात त्याच्या आतील रचना अनेकदा बदलल्या. यंत्र उलटे केले की तळाच्या लेबलवर एससीपीएच या अक्षरांपुढे पाच अंकी क्रमांक दिसतो. ५०,००० च्या मालिकेपर्यंतची यंत्रे जाड आणि ७०,००० पासूनची सडपातळ, म्हणजे ज्यांना सगळे स्लिम म्हणतात ती. ९०,००० ची मालिका सर्वांत शेवटची असून तिचा वीजपुरवठा यंत्राच्या आतच बसवलेला आहे. हा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण पुढची प्रत्येक निवड त्याच्यावर अवलंबून आहे.

त्यानंतर डिस्क न घालता यंत्र सुरू करावे आणि पहिल्या मेनूवर त्रिकोणाचे बटण दाबावे. समोर आवृत्त्यांची यादी येते व तीत डीव्हीडी प्लेअरची आवृत्ती दिलेली असते. तीही लिहून घ्यावी. परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेले जाड यंत्र असेल, तर प्लग लावण्यापूर्वी त्याचा व्होल्टेज वाचणे अत्यंत आवश्यक आहे. अमेरिकेसाठी बनलेले १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर सरळ जोडले, तर त्याचा वीजपुरवठा क्षणात जळतो आणि मग या लेखाचा काही उपयोग उरत नाही.

यंत्रात आपला प्रोग्राम शिरतो कसा

प्लेस्टेशन २ प्रत्येक डिस्कच्या आतील कडेजवळ कारखान्यात उमटवलेली एक विशिष्ट खूण शोधतो. संगणकाचा साधा रायटर ती खूण लिहू शकत नाही, म्हणून घरी बर्न केलेली खेळाची डिस्क यंत्र नाकारते. चित्रपटाच्या डीव्हीडीला मात्र ही खूण लागत नाही, कारण ती यंत्रातील डीव्हीडी प्लेअर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे जाते. या प्लेअरमध्ये एक जुनी चूक आहे. डिस्कवरील माहितीच्या फाइलमध्ये लांबीचा जो आकडा लिहिलेला असतो, त्यावर तो न तपासता विश्वास ठेवतो आणि राखून ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर स्मृतीत ओततो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला फ्रीडीव्हीडीबूट याच चुकीचा उपयोग करून चित्रपटाच्या वेषातल्या डिस्कवरून आपला प्रोग्राम सुरू करतो. यंत्र उघडावे लागत नाही, डाग द्यावा लागत नाही, चिप बसवावी लागत नाही.

स्लिम यंत्रांसाठी फ्रीडीव्हीडीबूटची एकच आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची एका फाइलमधली प्रत, आहे, मात्र यंत्राची भाषा इंग्रजी निवडलेली असली पाहिजे. जाड यंत्रांसाठी आपण लिहून ठेवलेल्या डीव्हीडी प्लेअरच्या आवृत्तीनुसार वेगळी फाइल निवडावी लागते. ही फाइल कोऱ्या डीव्हीडीवर बर्न करताना वजा चिन्हाची, म्हणजे डीव्हीडी-आर प्रकारची डिस्क वापरावी, वेग रायटर देईल तेवढा कमी ठेवावा आणि शेवटी डिस्क फायनलाइझ करावी, म्हणजे तिच्यावरचे लेखन कायमचे बंद करावे. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क जुन्या लेझरला नीट वाचता येत नाहीत. हल्ली कोरी डीव्हीडी मिळवणे हेच सगळ्यात अवघड काम झाले आहे. हरभट रोडवर चार दुकाने फिरल्यावर मला मिळाल्या त्या लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांसाठी शिल्लक ठेवलेल्या गठ्ठ्यातल्या होत्या.

डिस्क यंत्रात घातल्यावर काही सेकंदांत यूलाँच ईएलएफ हा फाइल हाताळणारा प्रोग्राम पडद्यावर येतो. संगणकावरील फोल्डर उघडून पाहावेत, तसेच हे आहे. एमसी शून्य आणि एमसी एक या मेमरी कार्डांच्या दोन खाचा आणि मास म्हणजे यूएसबीला लावलेला पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा आणि शक्यतो लहान, जुना असावा, कारण मोठे, नवे पेन ड्राइव्ह हे यंत्र पुष्कळदा ओळखतच नाही.

सेव्ह बाहेर काढणे

आता मूळ कार्ड पहिल्या खाचेत लावावे आणि यूलाँचच्या फाइल ब्राउझरमध्ये एमसी शून्य उघडावे. प्रत्येक खेळाच्या सेव्हचा एक फोल्डर दिसेल. फोल्डरवर उभे राहून आर१ दाबले की मेनू उघडतो. त्यात कॉपी निवडावे, मग मास उघडून पुन्हा आर१ दाबावे आणि या वेळी साध्या पेस्टऐवजी पीएसयू पेस्ट निवडावे. साध्या पेस्टने फाइल पेन ड्राइव्हवर जातात खऱ्या, पण फोल्डरच्या तारखा आणि खुणा मागे राहतात, आणि काही खेळ परत आणलेला असा सेव्ह ओळखत नाहीत. पीएसयू पेस्टने हा सगळा ऐवज एकाच फाइलमध्ये बांधला जातो आणि परत कार्डावर टाकतानाही तोच पर्याय वापरला की फोल्डर जसाच्या तसा उलगडतो.

संपूर्ण कार्ड ८ एमबीचे असल्यामुळे हे काम अर्ध्या तासात आटोपते. पेन ड्राइव्ह लगेच संगणकाला लावून फाइल उतरवून घ्याव्यात आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणीही ठेवाव्यात. येथून पुढे मूळ कार्ड यंत्रातून काढून बाजूला ठेवावे. त्यावर कोणताही प्रयोग करू नये.

रोजच्या वापराचे कार्ड

प्रत्येक वेळी ती डीव्हीडी लावणे शक्य असले, तरी घासलेल्या लेझरवर उगाच भार कशाला टाकावा? यासाठी फ्री एमसीबूट हा प्रोग्राम दुसऱ्या मेमरी कार्डावर बसवतात. कार्ड खाचेत असले की यंत्र सुरू होतानाच आपला मेनू येतो आणि कार्ड काढले की यंत्र पूर्वीसारखे वागते. इन्स्टॉलरचा संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवून यूलाँचमधून त्याची ईएलएफ फाइल, म्हणजे प्लेस्टेशनवर चालणारी प्रोग्रामची फाइल, चालवावी आणि नॉर्मल हा पर्याय घ्यावा. मल्टी नावाचा पर्याय कितीही मोहक वाटला, तरी टाळावा, कारण एकच कार्ड सगळ्या यंत्रांवर चालावे म्हणून तो कार्डाची फाइलरचना मुद्दाम वाकवतो आणि पुढे त्याच कार्डावर सेव्ह लिहिले गेले, तर घोटाळा होतो. मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवलेले तयार कार्ड असेच निघाले. त्यावर ६४ एमबी छापलेले होते आणि तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःला फॉरमॅट न केलेले कार्ड म्हणवू लागले. मूळ ८ एमबीचे जुने कार्ड महाग पडले, तरी तेच घ्यावे.

९०,००० मालिकेतील सगळ्यांत नव्या यंत्रांमध्ये, म्हणजे ज्यांच्या तळाच्या लेबलवर ८सी किंवा त्यापुढची तारीखखूण आहे त्यांच्यात, हा मार्ग सहसा बंद असतो. अशा यंत्रांसाठी ओपनट्यूना वापरावा. तो कार्डावरील सेव्हच्या चित्रातील एका चुकीमधून आत शिरतो, त्यामुळे यंत्र सुरू केल्यावर ब्राउझर उघडून कार्ड दाखवावे लागते. एवढाच काय तो एका पायरीचा फरक.

डिस्कची प्रत

आता मुख्य काम. प्रत नेहमी संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हवर काढावी, प्लेस्टेशनवर नव्हे. खेळाची डिस्क आतून साधी डीव्हीडी किंवा सीडीच असते. कारखान्यातील ती खूण सोडली, तर बाकी सगळी माहिती कोणताही ड्राइव्ह वाचू शकतो. शिवाय संगणकाचा ड्राइव्ह चुकलेला भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा धीर दाखवतो, तसा प्लेस्टेशनचा थकलेला लेझर दाखवत नाही.

गाळाच्या डिस्क मी आधी वाहत्या नळाखाली धरल्या, कारण वाळलेली पोयटा माती कापडाने पुसली, तर ती बारीक पॉलिश पेपरचे काम करते. त्यानंतर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, बोटाच्या टोकाने मधल्या भोकाकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसले आणि मऊ सुती कापडाने टिपून वाळवले. गोल गोल पुसू नये. माहिती डिस्कवर वर्तुळाकार वाटेने लिहिलेली असल्यामुळे वर्तुळात पडलेला ओरखडा सलग मजकूर पुसून टाकतो, तर आडवा ओरखडा प्रत्येक वळणावर थोडेसेच नुकसान करतो आणि ते ड्राइव्ह बहुधा भरून काढतो.

चौदापैकी तीन डिस्क निळ्या तळाच्या होत्या. प्लेस्टेशन २ च्या सीडीवरील खेळांची हीच ओळख आहे. चंदेरी तळ असेल, तर ती डीव्हीडी समजावी. या तीन सीडींपैकी दोन गेल्या आणि अकरा डीव्हीडींपैकी एकच गेली. त्याचे कारण डिस्क उजेडासमोर धरल्यावर कळले. सीडीची चमकदार पत्री छापील बाजूच्या अगदी खाली, लाखेच्या पातळ थराआड असते. पाण्याने लाख फुगली आणि पत्री जागोजागी सुईने टोचल्यासारखी विरली होती, इतकी की पलीकडचा ट्यूबलाइट ठिपक्याठिपक्यांनी दिसत होता. डीव्हीडीत मात्र ती पत्री ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये बंद असते, म्हणून तिला पाणी कडेने शिरले तरच धोका. यावरून एक व्यवहार्य नियम निघतो : निळ्या डिस्कच्या प्रती आधी काढाव्यात आणि डिस्क कधीही छापील बाजूवर पालथी ठेवू नये.

विंडोजवर इमगबर्न या मोफत प्रोग्राममधील रीड हा पर्याय घेऊन वाचण्याचा वेग चौपट किंवा आठपट ठेवावा आणि आयएसओ फाइल बनवावी. लिनक्सवर डीडी ही आज्ञा २०४८ बाइटच्या ठोकळ्यांनी हेच काम करते. बहुतेक निळ्या सीडींवर माहितीचा एकच ट्रॅक असतो, त्यामुळे त्यांचीही सरळ आयएसओ बनते. मात्र प्रोग्रामने बिन आणि क्यू अशी जोडी तयार केली, तर तिचे रूपांतर आयएसओमध्ये करून घ्यावे लागते. प्रत निघाली म्हणजे ती बरोबर आहे असे समजू नये. त्याच डिस्कची दुसऱ्यांदा प्रत काढावी, दोन्ही फाइलींचा एमडी५, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढावा आणि दोन आकडे जुळतात का ते पाहावे. रीडम्प नावाच्या सार्वजनिक यादीत हजारो डिस्कचे असे आकडे नोंदलेले आहेत. आपला आकडा तेथल्याशी जुळला, तर काम निर्दोष झाले. माझ्या एका क्रिकेटच्या खेळाचे दोन आकडे जुळत नव्हते. डिस्क पुन्हा धुऊन, दुसऱ्याच्या संगणकातील ड्राइव्हवर वाचल्यावर जुळले. ड्राइव्ह बदलून पाहणे हा उपाय फार साधा आहे, पण तो कोणाला सुचत नाही.

खेळ चालवणे

प्रती चालवण्यासाठी ओपन पीएस टू लोडर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ओपीएल, लागतो. त्याची ईएलएफ फाइल मेमरी कार्डावर ठेवावी आणि फ्री एमसीबूटच्या मेनूत तिची नोंद करावी. खेळ कोठे ठेवायचे हा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते.

पेन ड्राइव्ह हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि सर्वांत संथही. यंत्राचे यूएसबी १.१ प्रकारचे आहे, म्हणजे कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट आणि प्रत्यक्षात साधारण एक एमबी. यंत्राचा स्वतःचा चौपट वेगाचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे साडेपाच एमबी वाचतो, आणि खेळ त्या वेगाचा हिशेब धरून लिहिलेले असतात. त्यामुळे पेन ड्राइव्हवरून खेळ चालतो, पण मधले चित्रफितीचे प्रसंग अडखळतात आणि आवाज तुटतो. हा पेन ड्राइव्हचा दोष नाही, म्हणून महागडा पेन ड्राइव्ह घेऊन काही साधत नाही. जुन्या ओपीएलला फॅट३२ लागते आणि तेथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, त्यामुळे मोठ्या खेळांचे तुकडे करावे लागतात. अलीकडच्या आवृत्त्या एक्सफॅट वाचतात, तेव्हा तीच वापरावी. ड्राइव्हच्या मुळाशी सीडी आणि डीव्हीडी या नावांचे दोन फोल्डर इंग्रजी मोठ्या अक्षरांत करावेत आणि ज्या प्रकारच्या डिस्कवरून प्रत काढली, त्या फोल्डरमध्ये ती ठेवावी. फाइल एकेक करून, मोकळ्या ड्राइव्हवर उतरवावी. मधल्या फाइली खोडून नव्या भरत गेले, की फाइल तुकड्यातुकड्यांनी विखुरते आणि ओपीएल ती सुरू करत नाही.

ज्यांच्याकडे स्लिम यंत्र आहे, त्यांनी मागची नेटवर्कची खाच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एक जुना संगणक आणि साधी लॅन केबल एवढ्यावर भागते. वायफाय किंवा इंटरनेट लागत नाही. संगणकाला १९२.१६८.१.१०० आणि प्लेस्टेशनला १९२.१६८.१.१० असे कायमचे आयपी पत्ते द्यावेत, खेळांचा फोल्डर शेअर करावा आणि त्या शेअरचे नाव, पत्ता व ४४५ हा पोर्ट ओपीएलच्या नेटवर्क सेटिंगमध्ये भरावा. अडचण एकच येते : ओपीएलला एसएमबी नावाच्या शेअरिंग पद्धतीची पहिली, जुनी आवृत्ती लागते, आणि ती असुरक्षित असल्यामुळे नव्या विंडोजमध्ये बंद ठेवलेली असते. घरातील बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्यावर ती चालू करू नये. मी विश्रामबागेतील एका मित्राच्या टाकून दिलेल्या लॅपटॉपवर लिनक्स घालून, सांबा या फाइल शेअर करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल म्हणून एनटी१, म्हणजे तीच जुनी आवृत्ती, लिहून ठेवला आहे, आणि तो लॅपटॉप इंटरनेटला कधीच जोडत नाही. या मार्गाने वेग पेन ड्राइव्हपेक्षा बराच जास्त मिळतो. दुसऱ्या कार्डाच्या खाचेत बसणारा एसडी कार्डाचा अडॅप्टरही मिळतो व नवे ओपीएल तो ओळखते. केबल नको असणाऱ्यांसाठी तो मधला पर्याय आहे. जाड यंत्रात नेटवर्क अडॅप्टरसह आतच हार्ड डिस्क बसते, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांना पेन ड्राइव्हची किंवा केबलची ही खटपट करावी लागत नाही.

खेळ यादीत दिसतो पण काळ्या पडद्यावर थांबतो, तेव्हा यादीत त्या खेळावर त्रिकोण दाबून त्याच्या सेटिंगमध्ये जावे. तेथे मोड एक ते सहा असे पर्याय आहेत. एका वेळी एकच मोड चालू करून पाहावा, दोन-तीन एकदम लावले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. पहिला मोड डिस्कवरून वाचण्याची लय जुळवतो, चौथा चित्रफिती वगळतो आणि पाचवा दोन थरांच्या डीव्हीडीवरील खेळांसाठी आहे. पडदा कृष्णधवल दिसत असेल किंवा चित्र वर सरकत असेल, तर खेळ अमेरिकी आणि टीव्ही आपल्याकडील पाल या चित्रपद्धतीचा, अशी गाठ पडलेली असते. डिस्कवरील क्रमांक एसएलयूएस (अमेरिकी) या अक्षरांनी सुरू होतो की एसएलईएस (पाल), यावरून ते ओळखावे. खेळातून बाहेर पडण्यासाठी एल१, एल२, आर१, आर२, सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबले की ओपीएल परत येते.

खेळांपलीकडेही होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम, आहे. एसएमएस नावाचा छोटा प्लेअर पेन ड्राइव्हवरील जुने एक्सव्हिड चित्रपट बऱ्यापैकी दाखवतो. रेट्रोआर्क त्याहून जुन्या यंत्रांचे खेळ चालवतो, आणि वालचंद महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एन्सेलेडस या साधनावर लुआ भाषेत दिवाळीच्या सुट्टीत सापशिडी लिहिली. ३२ एमबीच्या स्मृतीत आपला प्रोग्राम बसवताना जे शिकायला मिळते, ते नव्या संगणकावर मिळत नाही, असे तो सांगतो.

एक शेवटची किरकोळ बाब, जी अनेकांना मोठा बिघाड वाटते. यंत्र प्रत्येक वेळी सुरू करताना भाषा आणि वेळ विचारू लागले, तर आतील सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपलेली आहे. ती घड्याळाच्या कोणत्याही दुकानात मिळते. ती बदलल्यावर भाषा पुन्हा इंग्रजी ठेवावी, नाहीतर पुढे कधी गरज पडली, तर स्लिम यंत्रावर फ्रीडीव्हीडीबूटची ती डीव्हीडी चालणार नाही.